राउरकेल्याचं हॉकी स्टेडियम बघून आलो, आणि डोक्यात एक किडा शिरला

रुळावरचा_माणूस

मंडळी नमस्कार. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

जानेवारी 2025 मध्ये कामासाठी चार दिवस ओडिशातल्या राउरकेल्याला होतो. नागपूरहून गीतांजली पकडली की थेट. तिसऱ्या दिवशी काम लवकर आटोपलं तर लॉजवरचा पोरगा म्हणाला, "साब, मॅच देखने नहीं जाओगे?" मला वाटलं क्रिकेट. तर म्हणे हॉकी इंडिया लीग चालू आहे, सगळं गाव तिकडेच आहे. गेलो.

बिरसा मुंडा स्टेडियमबद्दल पेपरात वाचलं होतं. 2023 च्या विश्वचषकासाठी जेमतेम सव्वा वर्षात उभं केलं, वीस हजारांवर खुर्च्या, गिनीजमध्ये नोंद वगैरे. आत गेल्यावर मात्र आकडे विसरलो. स्टँड मैदानाला इतके खेटून आहेत की ड्रॅगफ्लिक (स्टिकने ओढत नेऊन जोरात फेकलेला चेंडू) गोलच्या फळीवर आदळली की तो आवाज आधी छातीत ऐकू येतो.

माझ्या शेजारी एक आजी होत्या. मांडीवर नातू, हातात मुरमुऱ्यांची पुडी. त्यांची भाषा मला कळेना, माझी हिंदी त्यांना. पण चेंडू कुणाच्या पायाला लागला की अंपायरची शिट्टी व्हायच्या आधी या बाई स्वतःच्या पायावर थाप मारायच्या. म्हणजे 'पाय!', फाउल. दर वेळी बरोबर. एकदा अंपायरने दिला नाही, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच अंपायर.

तर प्रश्न असा. ही गर्दी स्टेडियममुळे आली, की गर्दी आधीपासून होतीच आणि स्टेडियम मागून आलं? आणि दुसरं, आपल्या मुंबईत चर्चगेट स्टेशनच्या हाकेच्या अंतरावर हॉकीचं स्टेडियम आहे. मी नोकरीच्या पहिल्या सहा वर्षांत त्याच्यासमोरून रोज गेलो, आत एकदाही गेलो नाही. तुमच्यापैकी किती जण गेलेत?

---

खारे_दाणे

बसलोय दाणे घेऊन. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

---

निशिगंधा_ठाणे

चर्चगेटला हॉकीचं स्टेडियम आहे?? मी चौदा वर्षं तिथे उतरते. वानखेडे सोडून काही दिसलं नाही कधी.

---

चर्चगेटचा_जुना

निशिगंधाताई, तुमचा दोष नाही. वानखेडेच्या सावलीत कुणीही दिसत नाही.

पण रुळावरचे साहेब, तुमच्या धाग्याने जुनी खपली काढलीत. मी त्या स्टेडियममध्ये किती वेळा गेलो याची मोजदाद नाही. आता त्याला महिंद्रा हॉकी स्टेडियम म्हणतात, आमच्या तोंडात अजून 'बीएचए'च बसलंय, बॉम्बे हॉकी असोसिएशन. वडील एका सरकारी खात्यात होते, खात्याची हॉकी टीम होती आणि वडील टीमचे 'मॅनेजर' होते. म्हणजे किटबॅगा मोजणे आणि लिंबं कापणे.

डिसेंबर 1981 ते जानेवारी 1982, विश्वचषक याच मैदानावर झाला. बारा देश. भारतात भरलेला पहिला हॉकी विश्वचषक, आणि तो दिल्लीत नाही, मुंबईत! मैदान गवताचं होतं. पुढचा 1986 चा लंडनला कृत्रिम टर्फवर झाला, तेव्हा गवतावरचा शेवटचा विश्वचषक चर्चगेटला झाला असं म्हणायला हरकत नाही. मी अकरा वर्षांचा. पेनल्टी कॉर्नरला एक जण चेंडू आत ढकलायचा, दुसरा गुडघ्यावर बसून तो हाताने थांबवायचा आणि तिसरा हाणायचा. ते हाताने थांबवणं म्हणजे कलाकुसर होती. आमच्या गल्लीतल्या पोरांनी पुढे सहा महिने नुसतं तेवढंच खेळलं.

भारत पाचवा आला. राजिंदर सिंगने बारा गोल केले आणि तरी पाचवा. ऑस्ट्रेलियाशी हरलो, हॉलंडशी हरलो, उपांत्य फेरी हुकली. फायनल पाकिस्तान आणि पश्चिम जर्मनी, पाकिस्तान 3-1. वडिलांनी तिकिटं आधीच काढली होती, भारत फायनलला असणार या खात्रीने. मग गेलोच. पाकिस्तानचा हसन सरदार खेळताना बघून वडील पुटपुटले, "बघून घे, परत दिसायचं नाही." त्या वयात मला राग आला होता, आता त्यांचं बरोबर वाटतं.

आत कोण जातं या प्रश्नाचं माझं उत्तर: आमच्या लहानपणी आत जायचे ते त्या टीमांचे लोक. रेल्वे, कस्टम्स, टाटा, एअर इंडिया, बँका. प्रत्येक टीममागे एक आख्खं ऑफिस. आगाखान कप 1896 पासूनचा, त्याच्या सामन्याला हेडक्लार्कपासून शिपायापर्यंत सगळे दुपारीच 'जरा बाहेर जाऊन येतो' म्हणून गायब. नोकऱ्यांमधली खेळाडूंची भरती आटली, तसे स्टँड रिकामे झाले. टर्फ आलं, दिवे आले, माणसं गेली.

---

खारे_दाणे

अकरा वर्षांचे होते म्हणजे आता... काका, दंडवत घ्या.

---

चर्चगेटचा_जुना

@खारे_दाणे हिशेब येतो म्हणजे बँकेत असणार. दाणे खा.

---

अण्णा_खडकी

स्टेडियम स्टेडियम काय लावलंय. खेळाडू स्टेडियममध्ये तयार होत नाहीत.

धनराज पिल्ले आमच्या खडकीचा. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत वाढलेला, वडील मैदानाची देखभाल करायचे. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक. पोरं कशाने खेळायची? मोडक्या स्टिकने. मोडलेली स्टिक सरसाने चिकटवायची, वरून सुतळी करकचून गुंडाळायची, रात्रभर उशाशी दगडाखाली. मीही असल्याच स्टिकने खेळलो, फरक एवढाच की तो भारताकडून खेळला आणि मी फॅक्टरीच्या ब टीमकडून.

त्याच्या कितीतरी आधी, 1936 च्या बर्लिनच्या सुवर्णपदकाच्या संघात आमच्याकडचे बाबू निमल होते. तेव्हा कुठलं टर्फ आणि कुठले दिवे? मुरूम. पडलं की गुडघ्यात खडे, घरी आलं की आईचा मार वेगळा.

ओडिशात पैसा ओतला, स्टेडियम बांधलं, छान. पण खडकीत एक रुपया न ओतता झालेले खेळाडू मोजा आधी.

---

पाणीवाला_जोशी

अण्णा, आदर राखून असहमत. मी टर्फवर पाणी मारायच्या यंत्रणा बसवतो, म्हणून थोडं धंद्यातलं बोलतो.

तुम्ही म्हणता तो मुरूम 1976 ला हरला. माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर झाली आणि आपण सातवे आलो. त्याआधीच्या एकाही ऑलिंपिकमधून हॉकी संघ पदकाशिवाय परतला नव्हता. मुरमावर चेंडू उडतो, म्हणून तो स्टिकला चिकटवून ठेवायचा, हुलकावणी द्यायची, ही आपली शाळा. टर्फवर चेंडू सरळ आणि सुसाट जातो. तिथे चेंडू पळवायचा, माणूस नाही. दोन वेगळे खेळ आहेत हो हे. मुरमावर वाढलेल्या पोराला सतराव्या वर्षी टर्फवर उभं केलं की त्याचे पहिले सहा महिने फक्त 'चेंडू इतक्या लवकर कसा आला' यात जातात.

आता पाणी. मोठ्या सामन्यांचं टर्फ ओलं करावंच लागतं. कोरडं राहिलं तर चेंडू अडखळतो आणि पडलेल्या माणसाची कातडी सोलते. भाजल्यासारखं लालभडक होतं, ज्यांना झालंय त्यांना विचारा. मैदान 91.4 मीटर बाय 55. कडेला तोफांसारखे फवारे लावतात, सामन्याआधी आणि मध्यंतरात ते फिरतात. मी बसवलेले फवारे पहिल्यांदा चालू होतात तेव्हा अजून मला पोरासारखं वाटतं. आणि नंतर पहिला जोरदार पास गेला की चेंडूच्या मागे पाण्याची शेपटी उठते. ती शेपटी सरळ आणि लांब उठली की समजायचं, पाणी बरोबर बसलंय.

एका शहरात (नाव नको) मी यंत्रणा बसवली. टर्फ परदेशी, फीत कापायला मोठी माणसं. दुसऱ्या उन्हाळ्यात बोअर आटली. टँकर मागवायचं कुणाच्या सहीने, यावर फाइल फिरत राहिली. पोरं कोरड्या टर्फवर खेळली, आणि नीट राखलं तर आठ-दहा वर्षं टिकणारं टर्फ चौथ्या वर्षी शिवणीवर उसवलं. मी गेलो तेव्हा एका कोपऱ्यात लग्नाच्या मांडवाच्या खुंट्यांची भोकं होती. भोकं मोजली मी, अठरा.

म्हणून माझं मत: स्टेडियम बांधणं सोपं आहे, दररोज पाणी देणं अवघड.

---

अण्णा_खडकी

अठरा भोकं म्हणजे गोल्फ झालं की. :)

मुद्दा मान्य, पण अर्धा. टर्फ पाहिजे. वीस हजार खुर्च्या कशाला? त्या पैशात तालुक्या-तालुक्याला टर्फ घाला.

---

पेठेतला_पंच

जोशीबुवा, महाराष्ट्रात निम्म्या गावांना प्यायला टँकर लागतो आणि तुम्ही मैदानाला पाणी पाजा म्हणता. हा खेळ आपल्या हवामानाचा राहिलेलाच नाही. गोऱ्यांनी टर्फ आणलं ते आपल्याला हरवायला, हे मी आधीच सांगून ठेवतो.

---

पाणीवाला_जोशी

@पेठेतला_पंच कट होता की नाही ते मला ठाऊक नाही, पण पाण्याची चिंता आंतरराष्ट्रीय संघटनेलाही आहे. कोरड्या टर्फकडे जायचं ठरतंय. पॅरिसला 2024 मध्ये जे टर्फ होतं त्याच्या धाग्यातला 80 टक्के कच्चा माल उसापासून काढलेलं प्लास्टिक होता. खरंच, ऊस.

---

रंकाळ्यावर_संध्याकाळ

काय सांगताय! म्हणजे कारखाना आमचा, ऊस आमचा, आणि गोल बेल्जियमवाल्यांचा?

---

खारे_दाणे

टर्फला उसाची एफआरपी (हमीदर) किती लागू होते?

---

रंकाळ्यावर_संध्याकाळ

पहिली उचल हाफटाइमला, बाकीचे पैसे पुढच्या ऑलिंपिकला.

---

नीरेकाठची

हसून झालं असेल तर एक सांगते. तालुक्याचा विषय निघालाय म्हणून.

आमचा फलटण तालुका. वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे, दोघी याच तालुक्यातल्या शेतकरी घरच्या, दोघीही भारताकडून खेळल्या. 2022 च्या ज्युनियर विश्वचषकाच्या संघात एकाच तालुक्यातल्या दोघी. आमच्याकडे काही वीस हजारांचं स्टेडियम नाही. शाळेचं पटांगण आणि एखादे हट्टी सर असतात.

माझी भाची हॉकी खेळते, नववीत आहे. तिचं सगळं गणित मैदानावर नाही, एसटीवर आहे. टर्फवर सराव करायचा तर पुणं गाठायचं, बालेवाडी नाहीतर पिंपरीचं नेहरूनगर. एकदा पहाटेच्या गाडीने गेली, तर तिथे गेल्यावर कळलं आज कार्यक्रम आहे, मैदान बंद. स्टिक घेऊन पोर तशीच परत. येताना कंडक्टरने स्टिकचं अर्ध तिकीट मागितलं म्हणे. तिने ते तिकीट जपून ठेवलंय.

तेव्हा अण्णांशी मी सहमत आणि जोशींशीही. फक्त या चर्चेत सगळे खडकी आणि चर्चगेटचे पुरुष बोलताहेत. 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये पुरुष पाकिस्तानकडून 7-1 ने हरले ते सगळ्यांना पाठ आहे. त्याच एशियाडमध्ये बायकांनी सुवर्णपदक घेतलं, आणि कर्णधार पुण्याच्या एलिझा नेल्सन होत्या. हे किती जणांना पाठ आहे?

---

चर्चगेटचा_जुना

नीरेकाठचीताई, चपराक बसली. मलाही 7-1 आधी आठवतं.

---

निशिगंधा_ठाणे

स्टिकचं अर्ध तिकीट!! हे फ्रेम करून लावा.

---

पेठेतला_पंच

सगळं खरं, पण मूळ रोग क्रिकेट आहे. एकदा ते

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

खारे_दाणे

पंच, शिट्टी वाजायच्या आधीच बाहेर गेलात?

---

डाइकवरची_ढमी

क्रिकेटवर गाडी येणारच होती. मी जरा दुसरीकडे वळवते.

मी अ‍ॅमस्टेलव्हीनला राहते, अ‍ॅमस्टरडॅमला चिकटून. घरापासून सायकलवर बारा मिनिटांत वाखेनर स्टेडियम, रानाच्या कडेला. 2026 च्या विश्वचषकाची निम्मी जबाबदारी याच मैदानाकडे, उरलेली बेल्जियममधल्या वावरकडे. आणि इथेच 1973 ची फायनल झाली, भारत 2-0 ने पुढे होता, 2-2 झालं, मग पेनल्टी स्ट्रोकवर गेलं. डच म्हाताऱ्यांना मी भारतीय आहे कळलं की हमखास हे सांगतात, आणि वर सहानुभूती! शेजारच्या आजोबांनी तर मला एकदा 1928 ची फायनलही ऐकवली. अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये भारताने त्यांना 3-0 ने हरवलं, ते त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं. ते स्टेडियम अजून उभं आहे, आम्ही पाहुण्यांना दाखवायला नेतो.

मुद्दा हा की वाखेनर काही फार मोठं नाही. राउरकेल्याच्या निम्म्यानेही माणसं मावत नाहीत. पण ते एका क्लबचं घर आहे. सकाळी सहा-सात वर्षांची चिल्लीपिल्ली, मग पोरीबाळी, मग पन्नाशीचे काका, आणि संध्याकाळी त्याच भागात देशाचा संघ. माझी लेक खेळते म्हणून क्लबच्या बारमध्ये मलाही पाळी लावून काम करावं लागतं. पहिल्या दिवशी बिअरला इतका फेस आणला की गिऱ्हाईक म्हणालं, ही आइस्क्रीम आहे का. पाळी चुकवली तर दंड. म्हणजे स्टेडियम रिकामं राहूच शकत नाही, कारण निम्मे लोक कामाला आणि उरलेले त्यांना न्यायला आलेले असतात.

---

रुळावरचा_माणूस

ढमीताई, हे फार आवडलं. म्हणजे बघायला येणारा प्रत्येक जण कधीतरी खेळलेला किंवा कुणाला तरी पोचवायला आलेला असतो. माझ्या शेजारच्या आजींचं पण असंच असणार का?

---

सुंदरगडची_सासुरवाशीण

खूप दिवसांनी लॉगिन केलं, केवळ या धाग्यासाठी.

मी मूळची अमरावतीची. यजमान पोलाद कारखान्यात, राउरकेल्यात सव्वीस वर्षं झाली. रुळावरच्या भाऊंच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या खिडकीतून दिसतं म्हणा ना.

सुंदरगड जिल्ह्यात हॉकी हा 'खेळ' नाही, सणवार आहे. गावोगावी खस्सी टूर्नामेंट होतात. खस्सी म्हणजे बोकड. जिंकणाऱ्या टीमला बोकड, हरणाऱ्याला लहान बोकड, नाहीतर कोंबडे. भात कापून झाला की रिकाम्या शेतात दोन्ही टोकांना बांबू रोवायचे, चुन्याने रेघा, झालं मैदान. बांबूची वाकडी काठी, बायका-पोरं-म्हातारे सगळे बांधावर. बोकड गोलमागे खुंटीला बांधलेला असतो, त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा निकाल लागतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला बिचाऱ्याचीच काळजी वाटत होती.

भारताचे माजी कर्णधार दिलीप तिर्की अशाच शेतातून आलेले. लाझरस बार्ला, दीप ग्रेस एक्का, किती नावं सांगू. राउरकेल्यातलं पानपोशचं क्रीडा वसतिगृह 1985 पासूनचं आहे. तिथल्या पोरांना पोलीस, रेल्वे, कारखाना, कुठे ना कुठे नोकरी लागायची. चर्चगेटचे काका म्हणतात ते इथे टिकून राहिलं: हॉकी खेळलास तर घराला पगार येतो. म्हणून आई पोराला मैदानावर सोडते.

मग 13 जानेवारी 2023. नव्या स्टेडियमात भारताचा पहिला सामना, स्पेनशी. आम्ही चौघे गेलो होतो. पहिला गोल कुणी केला? अमित रोहिदासने. याच जिल्ह्याचा पोरगा! तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. माझ्या मागच्या रांगेत एक माणूस होता, तो ओरडलाच नाही. नुसता उभा राहिला, हात जोडून. भारताने 2-0 ने जिंकलं. (पुढे क्रॉसओव्हरला, म्हणजे उपांत्यपूर्व फेरीच्या आधीच्या सामन्यात, न्यूझीलंडने शूटआउटमध्ये बाहेर काढलं, ते भुवनेश्वरला. त्यावर आमच्या घरात बोलायला बंदी आहे.)

तेव्हा भाऊ, त्या आजी स्टेडियम बघायला आल्या नव्हत्या. त्या बांधावरून उठून खुर्चीवर बसल्या, एवढंच. पायावर थाप मारायला त्या शेतातच शिकल्या असणार.

---

अण्णा_खडकी

सुंदरगडच्या ताई, हेच तर मी म्हणत होतो. आधी मैदान, मग स्टेडियम.

---

सुंदरगडची_सासुरवाशीण

अण्णा, पूर्ण नाही म्हणत हो तुम्ही. स्टेडियमचा उपयोग नाही असं नाही. आमच्या कामवाल्या मावशींची मुलगी आधी फक्त गावात खेळायची. तिने दिव्यांखाली जर्मनी-बेल्जियमची पोरं सरावाला धावताना पाहिली, त्यानंतर ती घरी येऊन आईला म्हणाली, मला खरी स्टिक पाहिजे. बांबूची नको. आता तालुक्याच्या टर्फवर जाते. इथे सरकारने वेगवेगळ्या तालुक्यांत टर्फही घातली, नुसतं मोठं स्टेडियम बांधून थांबले नाहीत. दोन्ही लागतं.

---

पाणीवाला_जोशी

+१. आणि त्या सगळ्यांना पाणी द्यायला माणूसही लागतो. माझा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो :)

---

विंगेतला_विन्या

एक कळीचा मुद्दा सुटतोय. रुळावरचे साहेब जी लीग बघून आले, तिच्यात 2024-25 ला पुरुषांचे आठ संघ होते. कलिंग, बंगाल, हैदराबाद, तमिळनाडू, यूपी, पंजाबचे सूरमा, दिल्ली, विशाखापट्टणमचे गोनासिका. महाराष्ट्राचा? शून्य. सामने फक्त राउरकेला आणि रांची. याच लीगच्या पहिल्या अवतारात मुंबईचा संघ होता, आधी मॅजिशियन्स, मग दबंग मुंबई, आणि घरचं मैदान चर्चगेट. त्याआधी 2005 च्या प्रीमियर हॉकी लीगमध्ये मराठा वॉरियर्स होते, धनराज कप्तान.

ओडिशा सरकारने 2018 पासून भारतीय संघाला पुरस्कृत केलं, लागोपाठ दोन विश्वचषक भरवले. आपण काय केलं? क्रिकेटला शिव्या घातल्या. (पंच, तुमच्या प्रकाटाआला उद्देशून.)

---

पेठेतला_पंच

मी काही लिहिलंच नव्हतं.

---

चर्चगेटचा_जुना

विन्या, बरोबर आहे, पण चर्चगेट मेलं असं समजू नकोस. हॉकी अजून होते तिथे. युवराज वाल्मीकी, ज्याच्या शूटआउटमधल्या गोलवर 2011 ला आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकलो, तो मरीन लाइन्सजवळच्या एका खोलीत वाढला, वीज नव्हती घरात. त्याचा भाऊ देविंदर रिओ ऑलिंपिक खेळला. त्या खोलीपासून हे मैदान चालत जाण्यासारखं. आता सांगा, मैदान तिथे नसतं तर?

माझ्या आधीच्या प्रतिसादात 'माणसं गेली' असं लिहिलं, ते थोडं रागाने लिहिलं. पोरं येतात. बघणारे गेले. म्हणजे आम्हीच. मी स्वतः शेवटचा कधी गेलो ते आठवायला बसलो, तर बारा वर्षं निघाली.

---

निशिगंधा_ठाणे

मग जाऊया की! कट्टा करूया. रविवार सकाळ, स्थानिक सामना बघून मग इराण्याकडे चहा. मी येते. चौदा वर्षांचं प्रायश्चित्त.

---

रुळावरचा_माणूस

मी नागपूरहून मनाने. फोटो टाका.

---

खारे_दाणे

दाणे माझ्याकडून. फक्त नियम कुणीतरी समजावून सांगा. ऑफसाइड कसा ओळखायचा?

---

विंगेतला_विन्या

हॉकीत ऑफसाइड नाही. 1990 च्या दशकातच काढून टाकला.

---

अण्णा_खडकी

काय???

---

विंगेतला_विन्या

हो अण्णा.

---

अण्णा_खडकी

रविवारी मीही येतो. पण त्या पिंपरीच्या अंपायरची आधी माफी मागायला हवी, गेली वीस वर्षं त्याला कडेवरून शिव्या देतोय.